उर्दू विभाग पलीकडच्या इमारतीत आहे

"उर्दूचा विभाग पलीकडच्या इमारतीत आहे, बाई."

विद्यापीठाच्या प्रवेशखिडकीवर मला ऐकू आलेलं हे पहिलं वाक्य. माझ्या हातात एम.ए. मराठीचा अर्ज होता. विषयाच्या रकान्यात मी स्वतःच्या अक्षरात 'मराठी' असं लिहिलं होतं. पण खिडकीपलीकडच्या माणसाने अर्जाच्या आधी माझ्या डोक्यावरची ओढणी वाचली, मग नाव वाचलं आणि रकान्यापर्यंत तो पोचलाच नाही. मी म्हटलं, "दादा, मला मराठीलाच प्रवेश घ्यायचाय." तो वरमला. "असं होय! बरं बरं. आणा इकडे. तुमचं मराठी छान आहे हो अगदी."

त्या माणसाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उलट त्याने माझी कागदपत्रं नीट लावून दिली. एक झेरॉक्स कमी होती, ती आतल्या मशीनवर स्वतः काढून आणली. माणूस भला होता. माझी तक्रार त्या दोन वाक्यांबद्दल आहे. कारण ती एकट्याची नाहीत. गेली पंचवीस वर्षं मी ती ऐकते आहे आणि भल्या माणसांकडूनच ऐकते आहे.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. अठरा वर्षं एका उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात उर्दू आणि मराठी शिकवते. म्हणजे मराठी हे माझं पोट आहे. क्रियापदाचे अर्थ, समास, निबंध, पत्रलेखन हे सगळं मी दरवर्षी पन्नास-साठ मुलांकडून करून घेते. डॉक्टरला कुणी सांगत नाही, "तुम्हाला ताप छान मोजता येतो हो." मला मात्र माझं मराठी छान असल्याचं प्रमाणपत्र रिक्षावाल्यापासून गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत सगळे देतात. ते कौतुक असतं हे मला कळतं. पण कौतुक नेहमी परक्याचं होतं. घरातल्या माणसाला घरची भाषा येते म्हणून कुणी शाबासकी देत नाही.

आता दुसरी बाजू ऐका. त्याच संध्याकाळी मोहल्ल्यात बातमी पोचली होती. खालाजान दारातच म्हणाल्या, "इस उमर में कालेज? और वो भी मराठी?" स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं, "मॅडम, करनाच है तो उर्दू में करो. मराठी में अपने कू कौन पूछता?" तेही भले गृहस्थ आहेत. माझ्या काळजीपोटीच बोलले.

पण नीट पाहा, मित्रहो. खिडकीवरचा माणूस आणि माझे सहकारी एकमेकांना ओळखत नाहीत. एक टिळा लावतो, दुसरे पाच वक्तांचे नमाजी. दोघांनी मला एकच गोष्ट सांगितली: तुझी जागा पलीकडच्या इमारतीत आहे. माझं भांडण या एकमताशी आहे.

अर्जातले शब्द

त्या दिवशी रांगेत उभी असताना वेळ जावा म्हणून मी अर्ज पुन्हा पुन्हा वाचत होते. अर्ज हा शब्द अरबी. सोबत जोडायचा दाखला अरबी. तारीख, मुदत, नक्कल, रक्कम, जमा, बाकी हे सगळे अरबीतून आलेले. कागद फारसी, शाई फारसी. शेवटी करायची सही, तीसुद्धा अरबी 'सहीह'वरून आलेली. शिवाजी महाराजांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला तो अशा शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. तो मोठा प्रयत्न होता. तरीही शब्द राहिले, कारण लोकांनी ते ठेवून घेतले. साडेतीनशे वर्षं झाली, अजून मराठी माणूस अर्जच करतो आणि दाखलाच मागतो.

म्हणजे शब्दांना प्रवेश आहे. शब्दांना कुणी पलीकडची इमारत दाखवत नाही. त्या शब्दांचं नाव लावणारी बाई आली की मात्र खिडकीवर थोडा गोंधळ उडतो.

आणि उलट्या दिशेने कोण कोण गेलं, तेही आठवून पाहा. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक होते. 'फारसी-मराठी कोश' त्यांनी केला, गझल मराठीत रुजवली आणि मराठीतल्या छंदशास्त्राचा मोठा ग्रंथही लिहिला. सेतुमाधवराव पगडींनी गालिब मराठी वाचकाच्या घरात आणून बसवला. आपण या दोघांना विद्वान म्हणतो आणि योग्यच म्हणतो. हिंदू माणूस फारसी-उर्दूत गेला की ती विद्वत्ता असते. मुसलमान मराठीत आला की ते आश्चर्य असतं. हा फरक कुठून आला, याचं उत्तर मला कुणीतरी द्यावं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: "अहो, यू. म. पठाण सर नव्हते का?" होते. मराठवाडा विद्यापीठात ते मराठीचे विभागप्रमुख होते, महानुभाव आणि संत साहित्याचे मोठे अभ्यासक होते. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आम्हाला त्यांचा अभिमान आहे. पण पस्तीस वर्षांनंतरही तेच एक नाव पुढे करावं लागत असेल, तर ते नाव दार उघडं असल्याचा पुरावा ठरत नाही. एक माणूस आत गेला होता, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

खंड

पदवी आणि एम.ए. यांच्यात वर्षं गेली असतील तर गॅप सर्टिफिकेट लागतं. शिक्षणात खंड का पडला याचं प्रतिज्ञापत्र. मी सेतू केंद्रात गेले. तिथल्या मुलाने तयार मजकूर उघडला. "सदर कालावधीत मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतलेला नाही." मग विचारलं, "मॅडम, कारण काय टाकू? घरगुती अडचण?"

मी म्हटलं, "या काळात मी शिकवत होते."

तो हसला. "मग गॅप कसला?"

त्या मुलाला जे सुचलं ते अर्ज तयार करणाऱ्यांना सुचलेलं नाही. असो. शेवटी त्याने 'घरगुती अडचण' असंच टाकलं आणि विचार केला तर ते खोटंही नव्हतं. बी.ए.ला माझा मराठी विषय होता. एम.ए. करायची इच्छा होती. पण अब्बांची नोकरी सुटलेली, पाठच्या दोन बहिणी. आमच्या मोहल्ल्यात त्या वेळी मुलीने पदवी घेतली की पुढचा एकच रस्ता सगळ्यांना मंजूर असायचा, तो म्हणजे बी.एड. शाळेची नोकरी, दुपारी घरी, सुट्ट्या भरपूर, स्थळं चांगली येतात. बी.एड.ने मला भाकरी दिली, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण बी.एड.ने शिकवावं कसं हे शिकवलं. जे शिकवायचं ते आणखी खोल जाऊन शिकायचं राहून गेलं. ही खंत अठरा वर्षं दप्तराच्या तळाशी पडून होती.

ती वर कशी आली ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या दहावीत एक मुलगी होती. वडील गॅरेजमध्ये काम करतात. मराठीत शाळेत पहिली आली. निकालाच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाजी, मैं मराठी की टीचर बन सकती क्या? अपने स्कूल में नहीं. मराठी स्कूल में."

अठरा वर्षांत मला मुलांनी हजारो प्रश्न विचारले असतील. याच प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'हो' म्हणणं सोपं होतं. पण मी स्वतः उर्दू शाळेतल्या मराठीच्या तासापलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी कुठल्या तोंडाने हो म्हणणार? तिच्या चाचांनी तिला कॉमर्सला घातलं. मी काही बोलले नाही. त्या गप्प बसण्याची लाज वाटली, म्हणून मी अर्ज आणला.

पहिला आठवडा

आमची शाळा सकाळची. सव्वाबाराला सुटते. पावणेएकची एसटी, महिलांना अर्धं तिकीट, दोनच्या तासाला मी वर्गात. नवीन शैक्षणिक धोरणामुळे एम.ए.ची रचना बदलली आहे. दोन वर्षांत ८८ क्रेडिट, पहिल्याच वर्षी संशोधन पद्धती, शिवाय क्षेत्रभेट किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव. 'क्रेडिट' हा शब्द मला फक्त किराणा दुकानाच्या संदर्भात माहीत होता. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम मी स्वतः वर्गात रोज ऐकवते, आता तो मला ऐकवला जातो. हे सगळं मजेशीर आहे. रात्री भांडी आवरून वही उघडताना मुलगा विचारतो, "अम्मी, होमवर्क हुआ क्या?" तेही छान वाटतं.

पहिल्या तासाला ओळखपरेड झाली. बावीस विद्यार्थी, त्यात मीच सगळ्यांत मोठी. सर माझ्याहून लहान. प्रत्येकाने नाव, गाव सांगायचं आणि मराठी का घेतलं ते सांगायचं. कुणी म्हणालं स्पर्धा परीक्षा, कुणी सेट-नेट, एकाने प्रामाणिकपणे सांगितलं की वसतिगृह मिळतं. सर सगळ्यांना "छान" म्हणून पुढे जात होते. माझ्यापाशी थांबले. "तुमच्या घरी उर्दू बोलत असतील ना?"

मी सांगितलं, घरी आम्ही दखनी बोलतो. तिच्यात निम्मं मराठी मिसळलेलं आहे. आणि कोकणातल्या माझ्या जावेच्या माहेरी तर सगळं घर कोकणी वळणाचं मराठीच बोलतं, उर्दू त्यांना टीव्हीवरून कळते. वर्ग चकित झाला. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेप्रमाणे साडेअकरा टक्के लोक मुसलमान आहेत. ते घरात काय बोलतात हे मराठीच्या एम.ए.च्या वर्गाला माहीत नसेल, तर तो त्या बावीस जणांचा दोष नाही. त्यांना आजवर जे शिकवलं गेलं त्यातला तो खंड आहे. त्यासाठी मात्र कुणाकडे गॅप सर्टिफिकेट मागत नाहीत.

पुढच्या आठवड्यात सेमिनारचे विषय वाटले गेले. मला मर्ढेकरांवर बोलायचं होतं. बी.ए.च्या दिवसांपासून त्यांची कविता मला अडवते आणि ओढतेही. सरांनी यादीवर बोट ठेवलं: "तुम्ही 'मुस्लिम मराठी संतकवी' घ्या. तुमच्याइतका न्याय कोण देणार?"

हेतू चांगला होता. पण विचार करा. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांनी 'योगसंग्राम' लिहिला, ते माझे आहेतच. ते माझ्या वर्गातल्या देशमुखचे का नाहीत? त्याने त्यांच्यावर का बोलू नये? आणि मर्ढेकर त्याचे आहेत, तर माझे का नाहीत? मुसलमानाने मराठीत यावं, पण आल्यावर मुसलमानांवरच बोलावं, हीही एक पलीकडची इमारतच झाली. फक्त ती आवाराच्या आत बांधलेली. शाहीर अमरशेख मेहबूब पटेल म्हणून जन्मले. ते संयुक्त महाराष्ट्रासाठी गायले, गिरणी कामगारांसाठी गायले. त्यांना कुणी सांगितलं नाही की तुम्ही फक्त तुमच्या मोहल्ल्यापुरतं गा.

मी सरांना हे सगळं सांगितलं. थोडं घाबरतच सांगितलं, कारण किती झालं तरी मी विद्यार्थिनी. ते क्षणभर गप्प राहिले. मग यादीत खाडाखोड केली. मर्ढेकर मला मिळाले. शेख महंमद देशमुखने मागून घेतले. तो आता रोज एसटी स्टँडवर मला सूफी परिभाषेतले शब्द विचारतो आणि मी त्याच्याकडून ज्ञानेश्वरीतल्या अडलेल्या ओव्या समजून घेते. त्याच्या आईची शेंगदाण्याची चटणी आणि माझा खिमा, दोन्ही डबे आठवड्यात कधीतरी एकत्र उघडतात. मराठी विभागाने असंच तर असायला हवं.

आता थोडं आपल्या घरात

इथवर वाचून माझे मुस्लिम वाचक खूश झाले असतील. आता तुमच्याशी बोलते.

पाठ्यपुस्तकात आपण नाही, असलो तर ईदच्या शिरखुर्म्यापुरते आणि दिलदार शेजारी चाचांपुरते, ही तक्रार आपण करतो. ती खरी आहे. पण एम.ए.ला काय वाचलं जाईल ते अभ्यास मंडळ ठरवतं. अभ्यास मंडळावर प्राध्यापक बसतात. प्राध्यापक व्हायला एम.ए. लागतं, नेट-सेट लागते, पीएच.डी. लागते. या जिन्याच्या पहिल्या पायरीवरच आपण पाय ठेवत नाही आणि वरच्या मजल्यावर आपली खुर्ची का नाही म्हणून ओरडतो.

आकडे कटू आहेत. सच्चर समितीने २००६ साली सांगितलं, वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहून कमी, जेव्हा देशाची सरासरी सात टक्क्यांच्या आसपास होती. त्यानंतर आपण पुढे सरकलो. पण केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशातल्या एकूण विद्यार्थ्यांत मुसलमान ४.६ टक्के. लोकसंख्येत १४.२ टक्के. आधीच्या वर्षापेक्षा संख्या घटली, टाळेबंदीच्या त्या वर्षात आपली मुलं कॉलेजातून बाहेर पडली. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मात्र आपल्या जलशांत कुणी सांगत नाही: जी मुसलमान मुलं उच्च शिक्षणात आहेत त्यांच्यात निम्म्या मुली आहेत. "मुली शिकून काय करणार" म्हणणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचावं. मुली शिकतायत. अडवणारे आपण आहोत.

सरकारही धुतल्या तांदळाचं नाही. पीएच.डी.साठी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना मिळणारी मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद केली, कारण काय तर इतर योजनांशी ती एकमेकांत मिसळते. महाराष्ट्रात २०१४ साली शिक्षणात पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या आरक्षणाला हात लावला नव्हता. तरी नंतरच्या सरकारने त्याचा कायदा केला नाही आणि तो विरून गेला. यासाठी लढलं पाहिजे, मोर्चे काढले पाहिजेत. पण सरकार दार अडवतं म्हणून आपणही आतून कडी लावायची, हा कुठला शहाणपणा?

"मराठीत गेलो तर उर्दू जाईल," अशी एक भीती आहे. मी दोन्ही भाषा शिकवते, म्हणून अधिकाराने सांगते: उर्दू मराठीमुळे मरत नाही. उर्दू मरते ती घरात उर्दूचं एकही पुस्तक नसल्यामुळे. ज्या मुलाला उर्दू नीट येते त्याला मराठी लवकर येते, कारण भाषा कशी चालते हे त्याला एकदा कळलेलं असतं. आणि दहावीनंतर उर्दू माध्यमाचं कॉलेज किती तालुक्यांत आहे? आमची मुलगी अकरावीला मराठी-इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसते, पहिल्या महिन्यात गप्प होते, सहाव्या महिन्यात घरी बसते. तिला गरज असते मराठी नीट शिकलेल्या आणि तिची बोली समजणाऱ्या शिक्षिकेची. ती शिक्षिका कुठून येणार? आकाशातून?

राहिला पोटाचा प्रश्न. "मराठीत एम.ए. करून नोकरी मिळते का?" प्रामाणिक उत्तर: सहज मिळत नाही. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर मुलं राबवली जातात, हे मी रोज विभागात पाहते. ज्याच्या घरी चूल अडली आहे त्याने आधी चूल पेटवावी, मीही तेच केलं. पण हा प्रश्न आपण फक्त मराठीलाच विचारतो. डोनेशन भरून घेतलेली इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मोबाइलच्या दुकानात बसलेली मुलं प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, त्यांना कुणी विचारत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या शाळेतही पेढे वाटले गेले. मी मुलांना सांगितलं, या पेढ्यावर तुमचाही हक्क आहे, कारण ही भाषा घडवणाऱ्यांत तुमचेही पूर्वज आहेत. पेढा खाऊन पुन्हा पलीकडच्या इमारतीत जाऊन बसायचं असेल, तर मात्र हक्काची भाषा करू नये.

ती गॅरेजवाल्याची मुलगी परवा एसटीत भेटली. बारावी कॉमर्सला आहे. माझ्या मांडीवरची पुस्तकं पाहून म्हणाली, "बाजी, आप सच में पढ़ रहे?" मग पुस्तक हातात घेतलं आणि तिचा थांबा येईपर्यंत वाचत राहिली. उतरताना विचारलं, "कॉमर्स के बाद मराठी में जा सकते क्या?"

या वेळी मला उत्तर माहीत होतं. मी तिला सांगितलं, कॉमर्सचीच असं नाही, पदवी कुठलीही असू दे, पुढे काय नियम आहेत आणि कुणाला भेटायचं हे मी शोधून ठेवते. तू फक्त पदवी सोडू नकोस. आणि ज्या दिवशी अर्ज घेऊन खिडकीवर जाशील, त्या दिवशी कुणी पलीकडची इमारत दाखवली तर चिडू नकोस. रांगेतून हलूही नकोस.